कमलाबाईंची इंग्रजी सही

"राव, ही एकतीस पत्रं सोमवारच्या अंकात गेलीच पाहिजेत," जाहिरात विभागाचे मेनन म्हणाले. पत्रं टपालाने आली होती. मेनन मात्र त्यांची खबर आधीच घेऊन आले होते, आणि तिथेच मला शंका आली.

मद्रासच्या एका इंग्रजी दैनिकात मी तेव्हा वाचकांच्या पत्रांचं पान बघायचो. सब-एडिटर, पण प्रोबेशनवर. म्हणजे नोकरी होती, पक्की नव्हती. महिनाअखेरीस ती पक्की व्हायची होती.

उपनगरातले बसमार्ग सरकारने ताब्यात घ्यावेत का, यावर मंगळवारी असेंब्लीत चर्चा होती. एकतीसही वाचक म्हणत होते, नको. बस चालवणारी कंपनी आमची मोठी जाहिरातदार. आमदार आमचं पान वाचून 'लोकमत' काय ते ठरवतात, हे कंपनीला चांगलं ठाऊक होतं.

आमची एक पद्धत होती. पत्र छापण्याआधी वाचकाला जोडकार्ड पाठवायचं. अर्ध्या कार्डावर आमचा प्रश्न, 'पत्र तुमचंच का?', उरलेल्या अर्ध्यावर त्याचं उत्तर. शनिवारी दुपारी त्याला वेळ कुठला!

"पत्ते खरे आहेत. मतदारयादीत बघ," मेनन म्हणाले.

पाहिलं. सगळे खरे. आता गठ्ठा कंपोझिंगला द्यायचा, एवढ्यात एका पत्राखालचं नाव वाचून हात थबकला. कमलाबाई, तांबरम. माझी सख्खी आत्या! चार परिच्छेद झोकदार इंग्रजी आणि खाली हिरव्या शाईत वळणदार इंग्रजी सही. आम्ही तंजावरची मराठी माणसं. आत्या घरी मराठी बोलायची, बाजारात तमिळ. इंग्रजीशी तिचा छत्तीसचा आकडा.

रविवारी सकाळच्या गाडीने तांबरम गाठलं.

"मी इंग्रजीत लिहिलें? अय्यो! मज इंग्रजी कोठे येतें रे?" आत्या कडाडली. "माझी सही मोडींत."

तिने देवघरातून बसचा मासिक पास आणला. त्यावर तिची सही होती, मोडीत. कंपनीच्या कारकुनाला ती वाचता आली नव्हती. त्याने तिला नाव विचारून शेजारी स्वतःच इंग्रजीत लिहिलं होतं. हिरव्या शाईत, तेच वळण. पत्रांवरची नावं-पत्ते कुठून आले ते कळलं. कंपनीने आपलेच पासवाले वाचक म्हणून उभे केले होते.

एका पासावर मेनन गप्प बसणार नाहीत, हे ओळखून मी गठ्ठ्यातली तांबरमची आणखी चार घरं पायी धुंडाळली. चौघांकडे पास होता. पत्र एकानेही लिहिलं नव्हतं.

परत आलो तेव्हा आत्या ताट वाढून वाट पाहत होती. मी म्हटलं, "म्हणजे तुला सरकारी बस हवी तर?"

"कोण म्हणतो? कंपनीचीच बरी. कंडक्टर मजसाठी घरापाशीं थांबवतो. पण तें मी सांगेन. माझ्या तोंडाने त्यांनी कां बोलावें? सरि, बरें, कागद घे. मी सांगतें, तूं लिही."

संध्याकाळी संपादक शेषाद्रींसमोर पास आणि हिरव्या सहीचं पत्र शेजारी शेजारी ठेवलं, आणि खाली आत्याने सांगून मोडीत सही केलेलं नवं पत्र. मेनन तिथेच होते.

"एका म्हातारीचं काय घेऊन बसलास!" ते म्हणाले.

"पाच जणांना विचारून आलोय. उरलेल्या सव्वीस जणांना जोडकार्डं टाकतो. तोवर एकही पत्र जाणार नाही," मी म्हणालो.

शेषाद्रींनी भिंग लावून पासावरचं आणि पत्रावरचं हिरवं इंग्रजी नाव पाहिलं. "गठ्ठा काढून ठेव," म्हणाले. "बाईंचं पत्र लाव. मोडी सहीचा ब्लॉक करून घे." ब्लॉक म्हणजे चित्र छापण्यासाठी कोरलेला धातूचा ठसा.

सोमवारी ते एकच पत्र छापून आलं. बस कंपनीचीच बरी, पण आधीचं पत्र माझं नव्हे, असं त्यात साफ लिहिलं होतं. कंपनीच्या जाहिराती बंद झाल्या आणि माझं प्रोबेशन सहा महिने वाढलं. वाईट वाटलं. माझ्या प्रोबेशनचं मेननांना फारसं वाटलं नसावं.

जोडकार्डांपैकी एकोणीस परत आली. 'होय' असं एकावरही नव्हतं.

पुढच्या महिन्यात कंपनीचा माणूस आत्याकडे वर्षभराचा फुकट पास घेऊन गेला. तिने तो दारातच उलटसुलट करून पाहिला आणि परत केला.

"ह्यावर सही कोणाची करून आणली?" तिने विचारलं.

पत्रांचं पान मी पुढे वीस वर्षं सांभाळलं. सगळ्यांचं मत अगदी एक झालेलं दिसलं, की मी आधी जोडकार्डं काढायचो.