भंवरलालच्या खांद्यावरचं वजन

माझ्या हिशेबात भंवरलाल दर वेळी पडत होता.

भंवरलाल म्हणजे ब्राँझचा पुतळा, अजून व्हायचा होता तो. खरा भंवरलाल फायरमन होता. जयपूरच्या जुन्या बाजारात कापडाच्या गोदामाला आग लागली, तेव्हा त्याने मालकाला खांद्यावर घालून खाली आणलं, मुनीमासाठी पुन्हा वर गेला आणि परतला नाही. व्यापाऱ्यांनी चौकात त्याचा पुतळा बसवायचं ठरवलं. मी स्ट्रक्चरल इंजिनियर. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे २००५ च्या सुमारास आम्ही जयपूरच्याच खातीपुऱ्यात राहत होतो. वाऱ्याने किंवा वर चढणाऱ्या पोरांमुळे पुतळा पडणार नाही, असं सर्टिफिकेट मला द्यायचं होतं.

चौमूं रोडवरच्या वर्कशॉपमध्ये मूर्तिकार कैलाशजींनी मातीचं मॉडेल उभं केलं होतं. असा पुतळा आधी मातीत घडवतात. त्यावरून साचा, साच्यात मेण आणि शेवटी मेणाच्या जागी वितळलेला धातू. मातीत बदल सोपा, धातूत फार अवघड. म्हणजे जे काही बोलायचं ते आत्ताच.

अडचण साधी होती. फायरमन धावत होता. मागचा पाय हवेत, खांद्यावर माणूस, सगळा भार पुढच्या घोट्यावर. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो. घोट्याच्या आत मावेल तेवढा जाड स्टीलचा रॉड धरला, तरी तो पुरत नव्हता.

"मागचा पाय टेकवा," मी म्हणाले.

"मॅडमजी, मग तो फिरायला निघालाय असं वाटेल. हिंमत धावण्यात दिसते."

"मग वजन कमी करा. खांद्यावरचा माणूस अजून बारीक करा."

"दोनदा केला. आता नुसते कपडेच उरलेत!"

आमचं हे चालू असताना खंडेलवालजी आले. आगीतून वाचलेले गोदामाचे मालक ते हेच. गाडीतून उतरायलाच त्यांना वेळ लागला. चांगले भरभक्कम गृहस्थ. मॉडेलभोवती त्यांनी एक फेरी मारली आणि खांद्यावरच्या माणसाकडे बोट दाखवलं.

"हा कोण?"

"आप ही हैं, सेठजी," कैलाशजी म्हणाले.

"मी? माझा एक हात तरी एवढा बारीक आहे का?"

कैलाशजी हसले. खंडेलवालजी हसले नाहीत.

"तेव्हाही मी असाच होतो. मला घेऊन तो धावेल कसा? धुरात काही दिसत नव्हतं. पायाने चाचपत एकेक पायरी उतरला. मध्ये थांबला, तेव्हा मी म्हटलं, 'छोड दे भाई, तू निकल जा.' तर मलाच दटावतो, 'सेठजी, बोलो मत, हिलो मत!' मला असं चिपाड केलंत, तर त्याने काय उचललं होतं ते लोकांना कळणार कसं?"

म्हणजे मी वजन उतरवत होते आणि हे वाढवायला सांगत होते. पण मला एक जाणून घ्यायचं होतं.

"थांबला तेव्हा त्याचे पाय कुठे होते?"

वर्कशॉपला माळ्यावर जायचा जिना होता. खंडेलवालजी कठडा धरून दोन-तीन पायऱ्या चढले आणि वळून उभे राहिले. एक पाय खालच्या पायरीवर, दुसरा वरच्या पायरीवर, गुडघे वाकलेले, एक हात भिंतीला. त्यांचे गुडघे थरथरत होते.

मला दोन आधार दिसले. दोन घोट्यांत दोन रॉड, शिवाय पुतळ्याच्या पायांखाली अशाच पायऱ्या, खालच्या काँक्रीटमध्ये पक्क्या.

कैलाशजी त्या गुडघ्यांकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "सेठजी, आणखी थोडा वेळ असेच उभे राहा," आणि ओल्या मातीच्या घमेल्याकडे वळले.

शेठजींच्या पुऱ्या वजनानिशी मी हिशेब पुन्हा केला. भंवरलाल उभा राहिला. मी सही केली.

अनावरणाच्या दिवशी गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "इतना भारी आदमी उठाया?" पुतळ्याखाली उभ्या खंडेलवालजींनी हात वर केला. "हां जी. मैं ही था."

तेव्हापासून भार कमी करा असं सांगण्याआधी तो तिथे का आहे, हे मी विचारते. कॅल्क्युलेटर त्यानंतर.