मान म्हणजे काय, हे शोधणारी मोहिनी

मोहिनी मूळची पेठ तालुक्यातली. नाशिकच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात शिकवता शिकवता तिने 'कामावर मिळणारा मान' या विषयात पीएचडी धरली. पण मानाची व्याख्या काही जमेना. नवी लिहून नेली, की गाइड खंडेराव सर हसायचे, "यात अर्धा मान बाहेरच राहिला की!"

एकदा कॅन्टीनमध्ये ते म्हणाले, "पक्षी म्हटलं की तुला काय आठवतं?"

"चिमणी."

"कोंबडी का नाही?"

"तीपण पक्षीच, पण चिमणी जरा जास्त पक्षी आहे, सर!" मोहिनी म्हणाली आणि स्वतःच खुदकन हसली.

सरांनी मग प्रोटोटाइप ॲनालिसिसची पद्धत समजावली. व्याख्येचं कुंपण घालायचं नाही. तो शब्द ऐकला की लोकांच्या मनात आधी काय येतं, ते त्यांनाच विचारायचं.

मोहिनी नाशिकच्याच अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेली. मॅनेजर कुंदन आहेर माणूस दिलदार, पण आवाज गेटपर्यंत जाणारा. त्यांनी लगेच परवानगी दिली. जेवणाच्या सुट्टीत वेल्डर लखन म्हणाला, "नावानं हाक मारावी. 'ए हेल्मेट' नाय." पॅकिंगमधली पूजा म्हणाली, "बोलणं पुरतं ऐकून घ्यावं." शाल-श्रीफळ तर बहुतेकांनी सांगितलं. पुढे दुसऱ्या पाळीतल्या लोकांना तिने विचारलं, यातलं मानाच्या अगदी गाभ्यातलं काय? तेव्हा शाल-श्रीफळ पार मागे पडलं आणि ऐकून घेणं, चारचौघांत न ओरडणं वर आलं.

शेवटी स्मरणाची चाचणी. पडद्यावर मानाबद्दलची काही वाक्यं दाखवायची आणि थोड्या वेळाने विचारायचं, यातलं कोणतं दिसलं होतं? कुंदनसाहेबही हौसेने बसले.

"'चारचौघांत न ओरडणं' होतं. मी वाचलं ना!"

"नव्हतं, साहेब. मुद्दाम वगळलं होतं," मोहिनी म्हणाली. "मनात जे पक्कं बसलेलं असतं ना, ते न दाखवताही पाहिल्यासारखं वाटतं."

एकदम हशा फुटला. साहेब आधी लाल झाले आणि मग सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले, "म्हणजे मला कळतं सगळं, फक्त जमत नाही!"

आठवड्याभरात लखनचा फोन आला. "मॅडम, आज साहेबांनी मला बाजूला नेऊन झापलं. लय बरं वाटलं!"

तोंडी परीक्षेत मोहिनीने हा किस्सा सांगितला, तेव्हा बाहेरगावचे परीक्षक चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मागच्या रांगेत बसलेल्या तिच्या आईला, भागीबाईंना, विषय फारसा कळला नव्हता. पण लेकीने सगळ्यांना हसवलं, याचंच त्यांना कौतुक.

पदवी मिळाली. आता मोहिनी 'भरवसा' या शब्दाच्या मागे लागली आहे, आणि पहिला प्रश्न तिने खंडेराव सरांनाच विचारलाय, "भरवसा म्हटलं की तुम्हाला काय आठवतं, सर?"