नेमकाकांची मान

प्रयोगशाळेत त्यांना सगळे नेमकाका म्हणत. नेमकी जागा दाखवणारे काका, म्हणून नेमकाका. पगार कशाचा मिळतो असं शेजाऱ्यांनी विचारलं की ते खरं तेच सांगत: बोट दाखवण्याचा. मग शेजारी आणखी काही विचारत नसत.

काम मात्र वाटतं तितकं सोपं नव्हतं. मूत्रपिंडाचा साखरेच्या खड्याएवढा तुकडा जेलीत बसवून काचेसारखा पारदर्शक करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. यंत्र वरपासून तळापर्यंत त्याची थराथराने चित्रं काढी. पण अख्खा तुकडा बारकाईने टिपायला चार दिवस लागत. म्हणून आधी एक ढोबळ चित्र घ्यायचं, त्यात रक्त गाळणारे इवलाले गुंते हुडकायचे आणि त्यांतल्या बाराच जागा नीट टिपायच्या. त्या बारा जागा एकोणीस वर्षं नेमकाका निवडत आले होते. उंच स्टुलावर बसायचं, चष्मा कपाळावर सारायचा, पडद्यावर बोट टेकवायचं आणि म्हणायचं, "हा घ्या." बोटाचे ते ठसे प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, रोज सकाळी पुसत आणि पुसताना रोज तेच बोलत.

एके दिवशी बाईंनी संगणकवाल्या ताईंना आणलं. ताईंनी असा प्रोग्राम बनवला होता, की तो ढोबळ चित्र बघून आपला आपणच बारा जागा निवडणार. शिकवला कशावर, तर नेमकाकांच्याच एकोणीस वर्षांच्या निवडींवर. बाईंनी शांतपणे सांगितलं, की तीन तुकड्यांवर दोघांची परीक्षा होईल. प्रोग्राम परीक्षेत खरा उतरला तर काकांची बदली भांडारात, बाटल्या मोजायला.

नेमकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. भांडारात खिडकी नव्हती आणि स्टूलही नव्हतं.

पहिल्या तुकड्यात प्रोग्रामने बाराच्या बारा जागा काकांसारख्याच निवडल्या, त्याही डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. दुसऱ्यात अकरा. ताईंना आनंद लपवता येईना आणि काकांना चहा गिळता येईना. आपलाच डोळा काढून कुणीतरी दुसऱ्याला बसवलाय, असं त्यांना वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी जेलीचा साचा नवा होता. त्यात तुकडा पार उजवीकडे सरकून बसला आणि डावीकडे राहिली नुसती स्वच्छ, रिकामी जेली. प्रोग्रामने त्या रिकाम्या जेलीत बारा जागा निवडल्या. नुसत्या निवडल्या नाहीत, प्रत्येकीपुढे खात्री नव्व्याण्णव टक्के असंही लिहिलं. यंत्राने आज्ञाधारकपणे तीन तास खपून शून्याची बारा सुरेख चित्रं काढली. एकात हवेचा बुडबुडा होता. ताई त्या बुडबुड्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की काकांना त्यांची दया आली. थोडीच आली.

संध्याकाळी घरी जेवताना त्यांनी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. एवढं शिकलेलं यंत्र, आणि डावीकडे काही नाही हे त्याला दिसू नये? हसता हसता त्यांना ठसका लागला.

बायको हसली नाही. ती त्यांच्या उजव्या हाताला बसली होती. म्हणाली, "अहो, त्याला कशाला हसता? सायकलवरून पडलात तेव्हापासून तुमची मान उजवीकडे वळते का? मी वीस वर्षं याच बाजूला बसते. आज कानात काय घातलंय, सांगा बघू."

नेमकाकांनी मान वळवून बघितली, ती अर्ध्यावरच अडली. पडद्याकडे बघायला ते नेहमी डावीकडून सुरुवात करत. मान तिकडेच सुखाने वळे, आणि बारा गुंते मिळाले की काम संपे. उजव्या अर्ध्यापर्यंत जायची वेळच येत नसे. प्रोग्राम गुंते ओळखायला शिकलाच नव्हता. तो डावीकडे बघायला शिकला होता.

गप्प बसलं तर स्टूल वाचत होतं. प्रोग्राम नापास, काका पास, आणि मानेची गोष्ट घरातल्या घरात. रात्री त्यांनी दोनदा कूस बदलली, दोन्ही वेळा डावीकडेच.

सकाळी बाई पडदा पुसत होत्या. ताई मान खाली घालून आपल्या प्रोग्रामच्या ओळी तपासत होत्या. नेमकाका मधे उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, ताईंची चूक नाही. त्यांच्या प्रोग्राममध्ये माझी मान शिरलीय."

मग त्यांनी सायकलपासून सगळं सांगितलं. ताईंनी जुन्या निवडी काढून पडद्यावर ठिपके मांडले. डावी बाजू गोवर आल्यासारखी भरलेली, उजवी कोरी करकरीत. एकोणीस वर्षांत उजवीकडे एकच ठिपका होता, आणि तो काकांना शिंक आली तेव्हाचा निघाला.

बाईंनी हातातल्या रुमालाची चारदा घडी घातली.

"तुम्हाला भांडारात पाठवून काय उपयोग?" शेवटी त्या म्हणाल्या. "तिथलीही डावीकडचीच कपाटं मोजाल."

ठरलं असं, की जुन्या सगळ्या तुकड्यांची उजवी बाजू नेमकाकांनी नव्याने बघायची आणि ताईंच्या प्रोग्रामला शिकवायची. ताईंनी हिशेब केला, किमान दोन वर्षांचं काम. काकांनी दोन्ही हातांनी स्टूल उचललं, पडद्याच्या पार उजव्या टोकाला नेऊन ठेवलं आणि वर चढून बसले. आता उजवी बाजू त्यांच्या डावीकडे आली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि बाईंनी नुकत्याच पुसलेल्या काचेवर बोट टेकवलं.