भांडणावर थापलेली भाकरी

जळकोटच्या जगदेवीची कडक भाकरी म्हणजे भाकरी. पापडावानी पातळ, महिनाभर ठेवली तरी कुर्रकन मोडती. हे आम्ही घरचे म्हणून म्हणत न्हाई, लातूरचे दुकानदार म्हणतात.

उदगीरच्या रेवणसिद्ध शेठनं तीच ज्वारी घेतली, तसलाच तवा घेतला, वर मशीनबी आणली. भाकरी जाडच. शेवटी दुप्पट पगाराचं आमिष दाखवून त्यानं जगदेवीकडं भाकरी थापणारी रत्नम्माच उचलली.

जगदेवी घाबरली न्हाई. रत्नम्माची सून महादेवी होतीच की. ह्या सासू-सुना लई वर्षं एका चुलीपुढं बसायच्या, पण एकमेकींशी बोलायच्या न्हाईत. बोलायचं ते पिठाशी.

"काही जणींच्या माहेरी भाकरीची गोधडी करतात," रत्नम्मा पिठाला सांगायची.

मग महादेवी अशी थापायची की खालची परात दिसावी. मग सासू तिच्याहून पातळ. जगदेवीला ह्याची कटकट वाटायची. रत्नम्मा गेली तसा तिनं महादेवाला नारळ फोडला.

आठवड्यात लातूरहून फोन आला. "ताई, ही भाकरी हाय का फरशी? सिद्धेश्वराच्या यात्रेला असलाच माल येणार असंल तर मी दुसरीकडून घेतो."

वर्षाची कमाई त्या यात्रेवर. जगदेवीनं महादेवीला फैलावर घेतलं.

"पातळ करून दाखवू कुणाला?" महादेवी म्हणाली.

दोन दिवसांनी रत्नम्मा आपल्या पायानं परत आली. "तिकडं समद्या पोरी मला आई म्हणतात. कसली भाकरी थापू, डोंबलाची?"

महादेवीनं उठून तिला पाणी दिलं. "बसा आत्याबाई. तुमच्याबिगर करमत न्हवतं."

सासूचे डोळे भरले. बाकीच्या बाया पदरानं नाक पुसू लागल्या. दोघींनी गप्पा मारत पहिली भाकरी थापली. चांगली बोटभर जाड.

जगदेवीनं ती भाकरी हातात धरून बघितली. लिंगपूजेबिगर चहा न घेणारी, जन्मात कुणाची चुगली न केलेली बाई ती. रत्नम्माच्या कानाशी जाऊन म्हणाली, "काकू, तुमच्या माघारी सून म्हणत होती, म्हातारीचा हात गेला आता."

असलं डोकं बाजारात मिळत न्हाई, घराण्यात असावं लागतं.

रत्नम्मानं तांब्या लांब सरकवला आणि सुनेकडं पाठ करून बसली. महादेवीला काही उमगलं न्हाई, पण तिचंबी तोंड फुगलं. दोघींचे हात सपासप चालू लागले.

जगदेवीनं लातूरला फोन लावला. "यात्रेचा माल आमचाच धरा. जादा लागला तरी सांगा."