रंगाचा ओघळ आणि आडवे पडलेले गोळे

सातवा गोळा नळीतून सुटला आणि नुसत्या आवाजावरून मला कळलं, हाही बिघडला. चांगला गोळा जाताना एकसारखी शीळ घालतो. हा फडफडत गेला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मेजरसाहेबांनी दुर्बीण खाली केली, वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “मॅडम, ये भी शॉर्ट.”

शॉर्ट म्हणजे ठरलेल्या जागेच्या अलीकडेच पडला. त्या सकाळी आम्ही दहा गोळे उडवले. सहा व्यवस्थित गेले, चार अर्ध्या वाटेत भरकटले. एकाच लॉटमधले, एकाच वजनाचे, एकाच नळीतून सुटलेले. दहाच्या दहा बिघडले असते तर मला कमी वाईट वाटलं असतं, कारण तेव्हा चूक कुठेतरी ठळक असते. सहा आणि चार म्हटल्यावर ती शोधायची कुठे?

मी अलिबागच्या अलीकडे असलेल्या एका छोट्या कारखान्यात डिझाइनचं काम बघत होते. आम्ही उखळी तोफेच्या सरावाच्या गोळ्यांचे सांगाडे आणि शेपट्या बनवायचो. सरावाचा गोळा म्हणजे आत बारूद नाही, नुसता वजनाचा भराव. सैनिक त्यावर नेम शिकतात. त्यामुळे तो खऱ्या गोळ्यासारखाच उडायला हवा, नाहीतर शिकणारा चुकीचंच शिकेल.

आता थोडं शेपटीबद्दल. मोठ्या तोफेच्या नळीला आतून पीळ असतो. त्यातून गोळा गरगरत सुटतो आणि भोवऱ्यासारखा सरळ राहतो. उखळी तोफेची नळी आतून गुळगुळीत. तिथे गोळ्याला सांभाळते ती शेपटी, तिच्यावरच्या पंखांसकट. बॅडमिंटनचं फूल कसंही मारा, बूच पुढेच येतं ना? तसंच. जड भाग पुढे आणि हवेचा जोर मागे. गोळा जरा वाकडा झाला की हवा पंखांना ढकलून त्याला परत सरळ करते. शिवाय आमच्या डिझाइनमध्ये पंख अगदी किंचित तिरके होते, त्यामुळे गोळा सावकाश स्वतःभोवती फिरायचा. बनवताना राहिलेली बारीकसारीक खोट अशा फिरण्याने सगळ्या बाजूंना सारखी वाटली जाते. हा तिरकेपणा मिलिंग मशीनवर द्यायचं काम नाना म्हात्रेंचं.

म्हणूनच संध्याकाळी कारखान्यात पोचले तेव्हा मेमो आधीच टाइप झालेला होता. आमचे जनरल मॅनेजर बर्वेसाहेब वेळ फुकट घालवणारे नव्हते. गोळा फडफडला म्हणजे शेपटी वाकडी, शेपटी वाकडी म्हणजे मशीनवाला चुकला, आणि प्रत्येक शेपटीवर नानांचा नंबर ठोकलेला. मेमोत ‘कामातील हलगर्जीपणा’ असे शब्द होते. आठ दिवसांनी पुन्हा चाचणी होती. तोवर कारण सापडलं नाही तर अख्खा लॉट रिजेक्ट, आणि नानांच्या नोकरीच्या शेवटच्या चार महिन्यांवर हा डाग.

नाना उरणकडचे. कंपनीत येण्याआधी मिठागरात कामाला होते. त्यांनी मेमो उभ्याउभ्याच वाचला आणि सही करायला नकार दिला. आवाज चढवला नाही, काही नाही.

“माझी चूक असंल तर सही करतो, मॅडम,” ते मला म्हणाले. “पन आधी चूक दाखवा. मशीन हाय तिथंच हाय, न हातबी त्योच हाय.”

मला त्यांच्या हाताची खात्री होती. पण खात्री रिपोर्टात लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवशी स्टोअरमधल्या सगळ्या रंग न दिलेल्या शेपट्या टेबलावर घेतल्या. गेज म्हणजे एक साचा असतो, पंख त्यात बसला तर पास. एकूण एक पंख बसला. मग मायक्रोमीटर लावला, वजनं केली, तोल बघितला. सगळं ड्रॉइंगप्रमाणे. तीन दिवस मी हेच करत होते आणि नाना दर थोड्या वेळाने येऊन बघून जात होते. त्यांनी काही विचारलं असतं तरी बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी मी पुन्हा श्रीवर्धनच्या वाटेवरच्या चाचणीच्या जागी गेले. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला चिखल उघडा पडतो, गोळे त्यात रुततात. जवळच्या कोळीवाड्यातले दामू तांडेल होडीतून जाऊन ते काढून आणायचे. चाचणीच्या दिवशी त्यांना जाळं टाकता येत नसे, म्हणून हे काम त्यांच्याकडे आलं होतं. परत आणलेले गोळे त्यांनी शेडमध्ये दोन रांगांत मांडून ठेवले होते. मला वाटलं, असेच जागेप्रमाणे ठेवले असतील.

“हे शाने,” तांडेल पहिल्या रांगेकडे बोट दाखवून म्हणाले. “नाकावर पडलं, शेपूट वर. न हे येडे. आडवेच पडलं, झोपल्यासारखं.”

त्यांना कोणी वर्गवारी करायला सांगितलं नव्हतं. मेजरसाहेबांच्या वहीशी मी ताडून पाहिलं, तर चारही भरकटलेले गोळे बरोबर ‘येड्यां’च्या रांगेत. मी त्यातला एक उचलला. त्याचा एक पंख आपटून वाकला होता, म्हणजे मोजायला निरुपयोगी. सवयीने मी दुसऱ्या पंखाच्या मागच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काहीतरी लागलं. रंगाचा ओघळ, वाळलेला, जेमतेम नखाएवढ्या जाडीचा. समोरच्या पंखालाही तसाच ओघळ, त्याच बाजूला. मग मी चारही येडे तपासले. चौघांनाही ओघळ होता. शाण्यांपैकी एकालाही नव्हता.

आमच्याकडे गेज लावायचं ते रंगाच्या आधी. रंगानंतर लावलं तर रंगावर ओरखडे पडतात आणि मग तपासणीवाले कुरकुर करतात. त्यामुळे रंग लावल्यानंतर पंखाचा आकार काय झाला, हे कधी कोणी मोजलंच नव्हतं. रंगाने काय होणार, असंच सगळे धरून चालायचे. सगळे म्हणजे मीसुद्धा.

परत आल्यावर मी थेट पेंटशॉपमध्ये गेले. तिथे हिराबाई मुख्य होत्या, बारा वर्षांपासून. मी विचारलं, शेपट्या वाळवता कशा? त्यांनी दाखवलं. पूर्वी शेपट्या खिळ्यांच्या फळीवर उभ्या ठेवायच्या. आता भिंतीपासून भिंतीपर्यंत दोन तारा ताणलेल्या होत्या आणि शेपट्या पंखांत तार अडकवून ओळीने आडव्या टांगलेल्या. कोळीवाड्यात दोरीला बोंबील टांगतात, अगदी तशा. दिसायला फारच सुबक. आडवी टांगलेली शेपटी, मग ओला रंग खालच्या बाजूला उतरणार आणि कडेला साचणार. दुसरं काय होणार.

“फळीवर का नाही ठेवत?” मी विचारलं.

हिराबाईंनी माझ्याकडे जरा चमत्कारिक बघितलं. “तुम्हीच बोललात ना, मॅडम. खाली टेकवू नका, बुडाला रंगाचं कडं येतं म्हनून. मंग टांगलं. तुम्ही बघून झ्याक म्हनलात.”

म्हटलं होतं. मला तो दिवससुद्धा आठवला. जाताजाता बोललेलं एक वाक्य, आठवड्याने मारलेली एक चक्कर आणि वर शाबासकी. सहा चांगले गोळे होते ते जुन्या फळीवर वाळलेले, लॉटच्या सुरुवातीचे. त्या क्षणी मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

रात्रभर नाही, पण पुढचा पूर्ण दिवस मी आकडेमोड केली, कारण मलाच खरं वाटत नव्हतं. नखाएवढा रंग गोळ्याला आडवा पाडेल? उत्तर आलं, एकटा नाही पाडणार. प्रत्येक गोळा उडताना थोडासा डोलतो आणि त्या डोलण्याला स्वतःची एक लय असते. गोळा सुटल्यावर फिरायला लागतो, वेग वाढत जातो, आणि वाटेत एकदा तरी फिरण्याची लय आणि डोलण्याची लय एकसारखी होते. चांगला गोळा तो क्षण पार करून पुढे जातो. पण एका बाजूला ओघळ असेल तर हवा दर फेऱ्याला त्याच बाजूने एक बारीकसा धक्का देते. झोपाळ्यावरच्या मुलाला नेमक्या वेळी बोट लावत राहिलं तर झोपाळा किती उंच जातो ते आठवा. बोटाला जोर लागत नाही, वेळ साधावी लागते.

हा हिशोब कागदावर जुळला तेव्हा मी तो पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासला. या विषयाची पुस्तकं मी वाचली होती, परीक्षा दिल्या होत्या. तरी खरंखुरं आश्चर्य मला त्या दिवशी वाटलं. डोळ्याला न दिसणारी चूक, आमच्या कुठल्याच गेजला न सापडलेली, हवेने काही सेकंदांत शोधून काढली होती आणि तीही चारही वेळा. मला भीतीही वाटली आणि आनंदही झाला. दोन्ही एकदम कसं होऊ शकतं, ते मला अजून सांगता येत नाही.

बर्वेसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “कारण सापडलं ना? झालं तर. पेंटशॉपला फळ्या लावू. पण रिपोर्टात डिझाइन विभागाचं नाव नको. पुढची ऑर्डर तुमच्या ड्रॉइंगवर आहे.”

“मग कोणाचं नाव जाणार?”

“मेमो नानाच्या नावाने गेलेलाच आहे. चार महिन्यांत रिटायर होतोय. त्याला काय फरक पडतो?”

रिपोर्ट मी माझ्याच हाताने लिहिला. कारण : वाळवण्याची पद्धत, डिझाइन विभागाच्या तोंडी सूचनेवरून बदललेली. खाली माझं नाव आणि सही. साहेब चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. हिराबाईंनी फळी न वापरता शेपटी गोळ्यात पिळून बसवायच्या पुढच्या आट्यांवर उभी टांगायची युक्ती काढली, त्याने ओघळ येईना आणि कडंही येईना. हे मला सुचायला हवं होतं.

दुसऱ्या चाचणीला मी नानांना बरोबर नेलं. परवानगीसाठी मेजरसाहेबांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “ले आओ.” गाडीत बोलताबोलता कळलं की सत्तावीस वर्षं शेपट्या बनवणाऱ्या या माणसाने एकही गोळा उडताना पाहिला नव्हता. आम्हाला कोणाला कधी सुचलंच नव्हतं.

मी त्यांना नळीच्या बरोबर मागे, सुरक्षित अंतरावर उभं केलं. बाजूने बघितलं तर गोळा दिसत नाही. मागून बघितलं आणि नजर योग्य जागी धरली तर तो वर चढताना दिसतो, काळा ठिपका, क्षणभर आभाळात थांबल्यासारखा. पहिले दोन त्यांना दिसलेच नाहीत. तिसऱ्याला मी त्यांची हनुवटी धरून वर केली. गोळा सुटला, शीळ घालत चढला, माथ्यावर जाऊन सावकाश नाक खाली करून वळला. कोणी हात लावला नव्हता, तरी वळला. तो फक्त पंखांमुळे.

नानांनी कानावरचा हात काढला. “त्याला कसं कलतं, आता वलायचं?” ते हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि खरं सांगायचं तर माझेही. दहाच्या दहा गोळे जागेवर पडले. तांडेलांनी त्या दिवशी एकच रांग लावली.

दोन दिवसांनी बर्वेसाहेब शॉप फ्लोअरवर आले. लॉट पास झाल्यामुळे खुशीत होते. नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तो मेमो विसरून जा आता.

नानांनी मशीन बंद केलं, चिंधीला हात पुसले. “साहेब, मेमो कागदावर आला व्हता,” ते म्हणाले. “कागदावरच परत जाऊ द्या.”

साहेबांना ते आवडलं नाही, पण पत्र निघालं. नानांनी ते दोनदा वाचलं, नावाचं स्पेलिंग तपासलं आणि डब्याच्या पिशवीत ठेवून मशीन पुन्हा चालू केलं.

मी मात्र त्यानंतर शॉप फ्लोअरवर एकही सूचना तोंडी दिली नाही. साधा खिळा बदलायचा तरी कागद, तारीख, सही. माझ्या मागे मला लोक ‘कागदवाली’ म्हणत, हे मला ठाऊक होतं. रिटायर होईपर्यंत मी ते खपवून घेतलं, कारण जाताजाता बोललेलं माझं एक वाक्य किती लांब जाऊन पडतं, ते मी चिखलात जाऊन पाहून आले होते.