राजाची अडीच घरं

मनमाडची मामी प्यादं कधी दोन घरं पुढे टाकायची नाही. "नव्या सुनेनं आल्याआल्या लांब ढांगा टाकू नयेत," म्हणायची आणि एकच घर सरकवायची. रेल्वेत गार्ड असलेल्या वडिलांकडून ती जुन्या देशी पद्धतीचं बुद्धिबळ शिकली होती. लग्न होऊन नाशकात आली ती पट घेऊनच. मामाला भाजी निवडायला बसवून आम्हा पोरांशी डाव मांडणारी आमच्या कॉलनीत ती एकटीच.

तिच्या नियमांत राजाचा फार मान होता. शह बसण्याआधी एकदाच त्याला घोड्यासारखं अडीच घरं उडता यायचं. "अडचणीतल्या माणसाला एक संधी द्यावीच लागते गं," ती म्हणायची. स्पर्धेचे नियम वेगळे असतात हे तिला ठाऊक नव्हतं, मग मला कुठून असणार?

सहावीत मी शाळांच्या स्पर्धेत उतरले. मामीनं हातावर दही-साखर ठेवली आणि सोबतही आली. समोरच्या मुलीनं पहिल्याच चालीत प्यादं दोन घरं टाकलं, तशी मी "फाउल!" म्हणून ओरडले. पंचांनी हसत समजावलं. गोंधळले, पण राजाची उडी शिल्लक होती ना! थोड्याच चालींत कोंडी झाली आणि मी ऐटीत राजा उडवला.

"असा नियम नाही बाळ," पंच म्हणाले. "राजाला हात लावलास, आता त्यालाच एक घर हलव."

हलवला, आणि पुढच्याच चालीला मात झाली. पोरं फिदीफिदी हसली. मागे बसलेल्या मामीनं मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही.

मी आठवड्याभरात विसरले, मामी नाही. पुढे गणितात मार्क कमी पडले तरी तिचं एकच, "माझंच चुकलं, पोरीला धड शिकवलं नाही." चिवड्यातले शेंगदाणे वेचून माझ्या वाटीत टाकायची. तिचा मुलगा कुरकुरायचा, आणि मला ते शेंगदाणे गिळताना लाज वाटायची. माझ्याशी डाव मात्र तिनं पुन्हा मांडला नाही.

बऱ्याच वर्षांनी, मामा गेल्यावर, ती मुलाकडे बंगळूरला राहायला निघाली. आदल्या दिवशी मीच पट मांडला. "आज मनमाडचे नियम," म्हटलं. तिनं पहिलं प्यादं दोन घरं टाकलं. मी ते एक घर मागे ओढलं.

डाव रंगला आणि तिचा राजा कोंडला. उडी मारली असती तर सुटत होता.

"मामी, तुझी उडी राहिलीय अजून."

तिनं राजा उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि शेजारच्याच घरात ठेवला.

"तुला एकदा तोंडघशी पाडलं तेवढं पुरे," ती म्हणाली. "दे आता शह."

मला तो देववेना.