कबुतराने निवडलेला माणूस

कोणी नमस्कार केला की शिरसाठकाका आधी मागे वळून बघायचे. आपल्यामागे कोणीतरी मोठा माणूस उभा असणार, अशी त्यांची खात्रीच असे. पाठीला भिंत असली तरी बघायचे. ही सवय त्यांना कबुतरामुळे लागली.

दानिएल शिरसाठ काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. तारनाक्याला माझ्या वरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेलो. त्यांचा गुडघा दुखायचा, म्हणून रविवारी त्यांना स्कूटरवरून काचीगुड्याच्या छोट्या मराठी चर्चमध्ये न्यायचो आणि मागच्या बाकावर बसून राहायचो.

त्या रविवारी मंडळीचा नवा ‘वडील’ निवडायचा होता. वडील म्हणजे पाळकांच्या बरोबरीने मंडळीची काळजी घेणारा माणूस. त्या जागेवरून दोन गटांत इतकं पेटलं होतं, की एकाच्या प्रार्थनेला दुसरा ‘आमेन’ म्हणेना. शेवटी पाळकसाहेबांनी डोळे मिटले. “प्रभू, आता तूच निवड.”

तेवढ्यात झरोक्यातून एक कबुतर आत आलं, पंख्याला वळसा घालून शिरसाठकाकांच्या टकलावर बसलं आणि उठायचं नावच घेईना. बायबलात पवित्र आत्मा कबुतरासारखा उतरला, हे तिथल्या पोराटोरांनाही पाठ. मग हाकलणार कोण? दोन्ही गट उभे राहिले. काका मान न हलवता मला कुजबुजत होते, “अरे, हाकला ना कोणीतरी. नखं रुतायलीत.”

निवड एकमताने झाली.

पुढच्या रविवारी काकांपुढे रांग लागली. कोणाला परीक्षेआधी डोक्यावर हात हवा होता, कोणाला कॅनडाच्या व्हिसाच्या अर्जावर. काका हैराण. “पार्सलवर पत्ता चिकटवला म्हणून पार्सल मोठं होतं का? जिथं पोचायचं तिथं ते पोचलं पाहिजे.”

राजीनामा द्यायला ते पाळकसाहेबांकडे गेले. “साहेब, कबुतराला टक्कल अन् घुमट यातला फरक कळत नाही.”

“मग सन्मान समजू नका, काम समजा,” असं म्हणून पाळकसाहेबांनी त्यांना भेटीगाठींची यादी दिली. पहिलंच नाव मार्थाबाईंचं.

मार्थाबाई निवृत्त नर्स. त्यांची एकुलती मुलगी त्यांच्याच वॉर्डात वारली आणि तेव्हापासून त्यांनी देवाशी बोलणं टाकलं. आधीच्या वडिलांना त्यांनी इनॅमलचं भांडं फेकून मारलं होतं. काकांनी दार वाजवलं तेव्हा मी चार पायऱ्या खालीच थांबलो.

“कोण?”

“शिरसाठ. चर्चचा.”

“ते कबुतरवाले?”

“हौ.”

आतून खुदकन हसल्याचा आवाज आला. दार उघडलं. “देवाचं नाव काढायचं नक्को.”

“नाही काढत. पण काहीतरी वाचून दाखवायला आलो होतो.”

“मग हे वाचा,” म्हणत बाईंनी रेल्वेचं जुनं वेळापत्रक त्यांच्या हातात ठेवलं.

पुढे दोन वर्षं दर आठवड्याला काका ते वाचत होते, अगदी उपासनेच्या सुरात. कामारेड्डी, निजामाबाद, नांदेड. मध्येच बाई डोळे वटारायच्या, “निजामाबादला गाडी किती मिनिटं थांबते ते खाल्लंत तुम्ही.” काका माफी मागून पुन्हा काचीगुड्याहून निघायचे. येताना औषधं आणायचे, बाईंच्या पायांची नखं कापायचे.

“काका, हे वडिलांचं काम आहे?” मी एकदा विचारलं.

“मला बाईंसाठी निवडलंय रे. बाईंना माझ्यासाठी नाही.”

बाईंनी अंथरूण धरलं. एका दुपारी नांदेड यायच्या आत त्यांनी हात वर केला. “बस. आता तुमचं ते म्हणा.”

काका प्रभूची प्रार्थना म्हणू लागले. अर्ध्यावर पुढची ओळच आठवेना. मिटल्या डोळ्यांनी बाईंनीच ती पुरवली. “पाठ तरी करून यायचं,” त्या पुटपुटल्या. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

दफनाला दोन्ही गट आले. कोणीतरी काकांना म्हणालं, “देवाने बरोबर माणूस निवडला.”

काकांना चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. “अरे, निवडलेल्या त्या होत्या! मला नुसतं पाठवलं होतं.”

गेल्या वर्षी काकांच्या मुलीने त्यांना सोलापूरला आपल्या घरी नेलं. निघताना त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. शहरातल्या कोठी भागातला पत्ता, औषधांच्या दुकानाच्या वर. “म्हातारा शिव्या देतो. बहिरा आहे, म्हणून मोठ्याने देतो.”

“काका, मी तर ख्रिस्तीसुद्धा नाही.”

“मला तरी कोणी विचारलं होतं?”

मी गेलो. म्हाताऱ्याने दाराच्या फटीतून मला न्याहाळलं आणि ओरडून विचारलं, “तुलाच का पाठवलं?”

“माहीत नाही! पण चहा करता येतो!”

हे मला तीनदा ओरडून सांगावं लागलं. खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन वर बघायला लागली. मग कुठे त्याने साखळी काढली.